युद्धपटावरून मिशन घडवताना : लोंगेवालाची रात्र ‘आर्मा ३’मध्ये कशी उभारावी

एखादा युद्धपट पाहून झाला की त्यातली लढाई आपण स्वतः लढून पाहावी असे अनेकांना मनापासून वाटते, आणि ‘आर्मा ३’सारख्या संगणकावरच्या लष्करी खेळात ती हौस भागवण्याचे साधनही हाताशी असते, कारण मिशन, म्हणजे खेळता येईल अशी मोहीम, तयार करण्याचा ईडन एडिटर खेळाबरोबरच मिळतो आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही माझ्या पाहण्यातली नवख्यांची बरीचशी मिशने अर्ध्यावर सुटली आहेत. एडिटर अवघड असल्याने हे होते असे मला वाटत नाही. करणारा चित्रपटातली दृश्ये एकापाठोपाठ एक उतरवायला बसतो आणि चौथ्या-पाचव्या दृश्यापाशी त्याच्या लक्षात येते की खेळाडूला यात करण्यासारखे काहीच उरलेले नाही. चित्रपटात निर्णय नायक घेतो आणि आपण तो श्वास रोखून पाहतो. मिशनमध्ये तो श्वास खेळाडूने रोखायचा असतो. म्हणून रूपांतर करताना कथेतले निर्णय शोधावेत आणि प्रत्येक निर्णय खेळाडूच्या हाती कसा देता येईल याचा विचार करावा. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

उदाहरणासाठी मी १९९७चा ‘बॉर्डर’ हा चित्रपट आणि त्यामागची, १९७१च्या भारत-पाक युद्धातली राजस्थानच्या सीमेजवळची लोंगेवालाची लढाई घेतली आहे. चित्रपट मराठी वाचकांच्या घराघरांत पोचलेला आहे, लढाई एका रात्रीची आणि एका जागेची आहे, आणि पहिल्या मिशनसाठी बचावाची लढाई चढाईपेक्षा सोपी पडते, कारण खेळाडू जागेवरच राहतो आणि घटना त्याच्याकडे चालत येतात.

आधी वही, मग एडिटर

चित्रपट पुन्हा एकदा पाहावा, पण या वेळी वही घेऊन. प्रत्येक प्रसंगासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : या क्षणी पात्राला काय ठाऊक आहे, त्याच्यापुढे कोणते दोन मार्ग आहेत, आणि निवडलेल्या मार्गाची किंमत काय. ज्या प्रसंगासमोर दुसरा रकाना रिकामा राहतो तो प्रसंग मिशनमध्ये येणार नाही, मग तो कितीही आवडता असो. घरची पत्रे, निरोप, जुन्या आठवणी हे सगळे चित्रपटाचे बळ आहे; मिशनमध्ये त्याचा अंश ब्रीफिंगच्या, म्हणजे खेळाडूला सुरुवातीला मिळणाऱ्या सूचनांच्या, मजकुरात किंवा खंदकातल्या दोन वाक्यांच्या बोलण्यात आला तर पुरे.

माझ्या वहीत शेवटी चारच ओळी उरल्या होत्या. कुमक सकाळपर्यंत येणार नाही हे कळल्यावर चौकी धरून ठेवायची की माघार घ्यायची. रणगाडे दिसू लागल्यावर गोळीबार कधी सुरू करायचा. हाताशी असलेल्या दोनच रणगाडाविरोधी तोफा कुठे ठेवायच्या. आणि दारूगोळा पहाटेपर्यंत कसा पुरवायचा. यातली पहिली ओळ ब्रीफिंगमध्ये गेली, कारण माघारीचा पर्याय दिला तर मिशन तिथेच संपते. उरलेल्या तीन ओळी म्हणजेच मिशन होय. त्यातही गोळीबार कधी सुरू करायचा हा प्रश्न मध्यवर्ती आहे आणि बाकीच्या दोन्ही निर्णयांना त्याच्याभोवती फिरवावे, असे माझे ठाम मत आहे.

चित्रपट आणि इतिहास वेगवेगळ्या रंगात लिहावेत

ही पायरी अनेक जण गाळतात आणि मला ते खरोखर खटकते. लोंगेवालाला २३ पंजाब या पलटणीची ‘ए’ कंपनी होती, सुमारे १२० जवान, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली. सोबत सीमा सुरक्षा दलाची एक छोटी उंटस्वार तुकडी. चौकीकडे जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस (डागताना मागे धक्का न देणाऱ्या) रणगाडाविरोधी तोफा, ८१ मिलिमीटरच्या उखळी तोफा आणि मध्यम मशीनगनी होत्या. समोरून पाकिस्तानचे पायदळ आणि चाळीसच्या वर रणगाडे आले, त्यांत चिनी बनावटीचे टी-५९ होते. सीमेवर लेफ्टनंट धरमवीर यांच्या गस्ती तुकडीला रणगाड्यांच्या इंजिनांचा आवाज आला होता. मध्यरात्रीनंतर तोफमारा सुरू झाला. चौकीपुढची काटेरी तार पाहून पुढे सुरुंग पेरलेले असावेत असा हल्लेखोरांचा समज झाला आणि त्यांचे सुरुंग शोधणारे सैनिक पुढे येऊन खात्री करेपर्यंत बराच मौल्यवान वेळ गेला. लांबच्या वाळवंटी प्रवासासाठी रणगाड्यांवर बाहेरून बसवलेली जादा इंधनाची पिंपे पेटली, तेव्हा त्या उजेडात उंचावरच्या जवानांना समोरचे दिसू लागले आणि खालच्यांच्या डोळ्यांपुढे धूर आला. उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली, कारण त्यांना रात्री लढता येत नव्हते, आणि वाळूत उघडे पडलेले रणगाडे त्यांनी टिपले. भारताच्या बाजूने दोन जवान धारातीर्थी पडले. चांदपुरींना महावीर चक्र मिळाले.

चित्रपटात यापेक्षा कितीतरी अधिक जण पडद्यावर प्राण सोडतात. त्यातले धरमवीर मरण पावतात आणि सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंगही मरण पावतात. प्रत्यक्षात दोघेही त्या रात्रीतून वाचले आणि पुढे कित्येक वर्षे जगले. नाट्याची गरज म्हणून चित्रपटाने ते केले असेल, पण मिशन करणाऱ्याला दुसरी वाट खुली आहे. मी वहीत चित्रपटातले प्रसंग निळ्या शाईने आणि इतिहास काळ्या शाईने लिहिला, आणि ठरवले की घटनांचा सांगाडा काळ्या शाईचा असेल, तर ताण, अंधार, माणसांमधली आपुलकी ही निळ्या शाईतून येईल. खेळाडूंच्या जागांना खऱ्या व्यक्तींची नावे देऊ नयेत. ‘कंपनी कमांडर’, ‘तोफेचा नंबर एक’, ‘उखळी तोफेचा हवालदार’ एवढे पुरते. खऱ्या माणसाचे नाव असलेले पात्र कुणा खेळाडूच्या चुकीने पाचव्या मिनिटाला कोसळावे हे मला योग्य वाटत नाही.

रात्रीचा एकच तुकडा निवडावा

सीमेवरची गस्त, चौकीचा बचाव आणि पहाटेचा हवाई हल्ला अशी तीन मिशने यातून सहज निघतात. नवख्याने मधले आधी करावे आणि ते पूर्ण झाल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू नये. गस्तीच्या मिशनमध्ये खेळाडूने ऐकायचे आणि लपायचे असते. ते दिसायला सोपे पण जमवायला कठीण आहे, कारण संगणकाच्या हातातले सैनिक खेळाडूला कधी पाहतील यावर तुमचा पूर्ण ताबा राहत नाही.

जमीन

खेळाबरोबर मिळणारी आल्टिस आणि स्ट्रॅटिस ही बेटे भूमध्य सागरी तोंडवळ्याची आहेत, तिथे थरचे वाळवंट उभे राहत नाही. ‘वेस्टर्न सहारा’ या विकत मिळणाऱ्या जोडभागातला सेफ्रू-रामल हा नकाशा वाळवंटाचा आहे आणि कामाला चांगला येतो. पैसे खर्च करायचे नसतील तर ‘कप टेरेन्स’ या मोफत मॉडमधले (मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली जोड) कोरडे प्रदेश पाहावेत. नकाशा हुबेहूब मिळणार नाही हे मान्य करून जमिनीचे तीन गुण मात्र सोडू नयेत : चौकी आजूबाजूपेक्षा उंच वाळूच्या टेकडीवर हवी, समोर निदान एक ते दीड किलोमीटर उघडे मैदान हवे, आणि त्या मैदानात रणगाड्याला आडोसा देईल असे फारसे काही नको.

जागा ठरवताना एडिटरमध्ये वरून पाहून समाधान मानू नये. टेकडीवर एक सैनिक ठेवून ‘प्ले’ करावे, खंदकात बसावे आणि नुसते समोर पाहत राहावे. मी निवडलेली पहिली जागा नकाशावर उत्तम दिसत होती. खाली बसल्यावर कळले की समोरच्या बारीक उंचवट्यामुळे तीनशे मीटरच्या पुढचे काहीच दिसत नाही. रणगाडे एकदम अंगावर आले असते आणि वाट पाहण्याचा सगळा भागच गेला असता. ती जागा मी सोडली आणि दोन संध्याकाळी फक्त बसून पाहण्यात घालवल्या. तो वेळ पुढे अनेक पटींनी वाचला.

तारीख, चंद्र आणि घड्याळ

लढाईची रात्र ४ आणि ५ डिसेंबर १९७१ यांमधली. पौर्णिमा २ डिसेंबरला होऊन गेली होती, त्यामुळे मध्यरात्री चंद्र आकाशात बराच वर आला होता आणि वाळूवर चांदणे पसरलेले होते. हा तपशील शोभेचा नाही. चांदण्यात रणगाड्याची आकृती दिसते पण त्याचे अंतर कळत नाही, आणि गोळीबार कधी सुरू करायचा या प्रश्नातली सगळी धास्ती त्या न कळण्यात आहे. खेळ चंद्राची कला तारखेवरून ठरवतो. एडिटरच्या यादीत १९७१ हे साल मिळत नसेल तर १९९० किंवा २००९ निवडावे : १९ वर्षांनी चंद्राच्या कला जवळपास त्याच तारखांना परत येतात आणि या दोन्ही वर्षी २ डिसेंबरलाच पौर्णिमा होती. खेळाडूंना रात्रीच्या दुर्बिणी देऊ नयेत आणि हवे ते साहित्य घेऊ देणारी ‘आर्सेनल’ची पेटीही ठेवू नये, एकाने जरी हिरव्या उजेडात पाहिले तरी रात्र संपली.

रात्र साडेबारापासून पहाटेपर्यंतची, म्हणजे साडेसहा तासांची, आणि मिशन फार तर तासाभराचे. घड्याळाचा वेग वाढवणारी आज्ञा खेळात आहे, पण तिने चंद्र आणि सावल्या सरकताना दिसतात आणि मन उडते. त्यापेक्षा दोनदा पडदा काळा करावा, वेळ पुढे न्यावी आणि पडदा उघडताना दूरच्या इंजिनांचा आवाज आधी ऐकू येऊ द्यावा. मी पहिला टप्पा साडेबाराला, दुसरा चारच्या सुमारास आणि तिसरा उजाडण्याआधी अर्धा तास असा ठेवला. सूर्योदयाची वेळ नकाशाच्या अक्षांशावर अवलंबून असते; जैसलमेरला डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, तुमच्या नकाशावर तो कधी उगवतो हे एकदा डोळ्यांनी पाहून मगच तिसऱ्या टप्प्याची वेळ पक्की करावी.

चौकी आणि माणसे

१२० जवान ठेवण्याची गरज नाही. तीस ते पस्तीस जवान, त्यांत आठ-दहा जागा खेळाडूंसाठी, इतक्यात चौकी भरलेली वाटते. १९७१च्या भारतीय जवानाच्या हातातली एसएलआर ही एफएन फाल या रायफलीची भारतीय आवृत्ती होती आणि ‘कप वेपन्स’ या मोफत मॉडमध्ये फाल आहे. जीपवरची १०६ मिलिमीटरची तोफ मिळाली नाही तर त्याच मॉडमालिकेतल्या, एसपीजी-९ ही तशीच तोफ बसवलेल्या उआझ गाडीवर भागवावे. टी-५९ हा सोव्हिएत टी-५४ वरून केलेला रणगाडा. ‘ग्लोबल मोबिलायझेशन’ या जोडभागातला किंवा ‘कप’मधला टी-५५ त्याच्या जागी उभा केला तर रात्रीच्या अंधारात फरक जाणवत नाही. उखळी तोफेसाठी खेळातली मूळची ८२ मिलिमीटरची चालते आणि तिच्यात प्रकाशगोळेही आहेत. ते मोजकेच द्यावेत, मी चार दिले होते. प्रकाशगोळा कधी उडवायचा हाही मग एक निर्णय होतो, कारण त्या उजेडात आपणही दिसतो.

जीपची जागा मात्र खेळाडूला ठरवू द्यावी. गाड्या चौकीच्या मागे उभ्या ठेवाव्यात, टेकडीवर तीन-चार ठिकाणी वाळूच्या पोत्यांचे आडोसे तयार ठेवावेत आणि पहिला तोफमारा सुरू होण्याआधी पाच मिनिटांची मोकळीक द्यावी.

रणगाडे आणि तार

सगळ्यात जास्त कष्ट इथे पडतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रयत्नात मी इतिहासाशी इमान म्हणून एकाच वेळी ४५ रणगाडे ठेवले. प्रत्येकात तीन-चार माणसांचा संच, शिवाय पायदळ. खेळ इतका अडखळू लागला की नेम धरणेच अशक्य झाले, आणि त्या गर्दीत रणगाडे एकमेकांना धडकून वाळूत गोल फिरत राहिले. नंतर मी बारा ठेवले, चार-चारच्या तीन लाटांमध्ये, आणि मागच्या लाटा टेकाडाआड थांबवून ‘डायनॅमिक सिम्युलेशन’ चालू केले, म्हणजे जवळ कुणी नसताना खेळ त्यांचा हिशेब करत बसत नाही. बाकीचे तीस रणगाडे आवाजातून उभे करायचे असतात. ट्रिगर म्हणजे अट पुरी होताच ठरलेली घटना घडवणारी नकाशावरची खूण; तिच्या गुणधर्मांत आवाज जोडण्याची सोय आहे. तिथे दूरवरून येणारी इंजिनांची घरघर लावावी आणि ती कोणत्या दिशेने येते हे दर पाच-सात मिनिटांनी बदलावे. अंधारात ऐकलेला रणगाडा पाहिलेल्या रणगाड्यापेक्षा मोठा असतो.

प्रत्येक रणगाड्याचा स्वतंत्र गट करावा. एकाच गटात ठेवले तर पुढचा बंद पडताच मागचे त्याच्याभोवती घोटाळत राहतात. प्रत्येकाला तीन वेपॉइंट, म्हणजे वाटेवरचे थांबे, द्यावेत : मैदानाच्या पलीकडच्या कडेला, तारेपाशी, आणि चौकीवर. पहिल्या दोन वेपॉइंटपर्यंत गोळीबाराची मुभा बंद ठेवावी, म्हणजे ‘कॉम्बॅट मोड’ निळा. वागणूक ‘केअरलेस’ ठेवली तर रणगाडे ठरल्या वाटेने निमूट येतात पण दिवे लावून येतात. दिवे नको असतील तर ‘अवेअर’ ठेवावी आणि थोडा बेशिस्तपणा सोसावा. तारेपाशी पोचल्यावर मोड लाल व्हावा म्हणून तो तिसऱ्या वेपॉइंटमध्ये लाल ठेवावा.

आता तार. संगणकाच्या हातातल्या सैनिकाला काटेरी तारेची शंका येत नाही. पायदळ तिला वळसा घालते आणि रणगाडा तिच्यावरून जातो. खऱ्या लढाईला कलाटणी देणारी जी शंका होती ती तुम्हाला वेपॉइंट आणि ट्रिगर यांच्या जोडीने घडवावी लागते. चौकीपुढे साधारण अडीचशे मीटरवर तारेची वेटोळी ठेवावीत. तिथे विरोधी बाजूच्या उपस्थितीने चालू होणारा एक लांबट ट्रिगर आखावा. त्याच्या टायमरमध्ये ‘काउंटडाउन’ आणि ‘टाइमआउट’ असे दोन प्रकार दिसतील, आणि त्यांची गल्लत नवख्यांकडून हमखास होते. ‘काउंटडाउन’मध्ये अट एकदा पुरी झाली की ठरलेल्या वेळेने ट्रिगर चालू होतोच, ‘टाइमआउट’मध्ये ती सगळी वेळ अट टिकून राहावी लागते, मधेच समोरचा मागे हटला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला पहिला प्रकार हवा. किमान, मध्यम आणि कमाल अशा तीन रकान्यांत मी २४०, ३६० आणि ४८० सेकंद भरले, त्यामुळे विलंब दर वेळी वेगळा निघतो आणि दुसऱ्यांदा खेळणाऱ्यालाही तो पाठ होत नाही. मग ट्रिगरवर उजवी कळ दाबून ‘कनेक्ट’मधल्या ‘सेट वेपॉइंट अ‍ॅक्टिव्हेशन’ने तो पायदळाच्या तारेपाशीच्या वेपॉइंटला जोडावा. ट्रिगर चालू होईपर्यंत ते पायदळ तिथून पुढे सरकत नाही.

त्यांचे दोन सैनिक तारेजवळ गुडघ्यावर बसून जमीन चाचपताना दिसतील अशी हालचाल त्यांना लावावी. चांदण्यात टेकडीवरून ते दृश्य पाहताना खेळाडूचा हात बंदुकीच्या चापाकडे जातो, आणि नेमके तेव्हाच त्याने थांबणे शहाणपणाचे असते.

मऊ वाळूत रणगाडे रुतणे खेळात आपोआप घडत नाही. मैदानात दोन-तीन छोटे ट्रिगर ठेवून त्यांत शिरलेल्या रणगाड्याचे इंधन शून्य करावे. तो जागीच थांबतो, तोफ मात्र चालू राहते. हे ट्रिगर फार पुढे ठेवू नयेत, नाहीतर रणगाडे लांबूनच मारा करत बसतात.

गोळीबार रोखून धरणे

चौकीवरचे जे जवान संगणकाच्या हाती आहेत त्यांचाही मोड निळा ठेवावा, म्हणजे ते आपण होऊन गोळी झाडणार नाहीत. मग एक ट्रिगर करावा ज्याची चालना ‘रेडिओ अल्फा’ असेल. खेळात शून्य, शून्य, एक अशा कळा दाबल्या की तो चालू होतो. त्याच्या मजकुराच्या जागी ‘फायर’ लिहावे आणि चालू झाल्यावर सगळ्या चौकीचा मोड लाल करावा. एवढ्या साध्या जुळणीने चित्रपटातला सर्वांत मोठा क्षण खेळाडूच्या बोटाखाली येतो. हा ट्रिगर एकदाच चालेल असा ठेवावा. दिलेला हुकूम परत घेता येत नाही.

हुकमाला किंमत असली पाहिजे. रिकॉइललेस तोफ डागली की मागे ज्वाळा आणि धूळ उडते आणि तिची जागा उघडी पडते. म्हणून रणगाडे चारशे मीटरच्या आत येण्याआधी एखादी तोफ डागली गेली तर पुढच्या मिनिटाला त्या जागेवर तोफगोळे पडतील अशी सोय करावी. उलट फार थांबले तर रणगाडे तारेपलीकडे येतात आणि दोन तोफांना पुरत नाहीत. चारशे हा आकडा मी पाच-सहा वेळा खेळून ठरवला आहे, तुमच्या जमिनीवर तो वेगळा निघेल. प्रत्येक तोफेला दहाच्या वर गोळे देऊ नयेत. पेटलेल्या रणगाड्याचा उजेड खेळ स्वतःच देतो. त्याच्याभोवती थोडा जादा धूर लावला की इंधनाच्या पिंपांची गोष्ट न सांगता सांगून होते.

जिंकणे आणि हरणे

कामगिरी नेमणारे ‘क्रिएट टास्क’ आणि तिचा निकाल ठरवणारे ‘सेट टास्क स्टेट’ ही एडिटरमधली दोन तयार मॉड्युले यासाठी पुरेशी आहेत, पहिल्या मिशनमध्ये खेळाच्या एसक्यूएफ या आज्ञाभाषेतली लांब स्क्रिप्ट लिहिण्याच्या भरीस पडू नये. यशाची अट एकच ठेवावी : सूर्योदयाला चौकी आपल्या हातात असणे. किती रणगाडे मारले याची मोजदाद पडद्यावर दाखवू नये. ती दाखवली की खेळाडू चौकी सोडून मैदानात धावतात आणि बचावाचे मिशन शिकारीचे होऊन जाते. अपयशासाठी चौकीच्या मध्यभागी विरोधी बाजूने ताबा घेणे एवढी अट ठेवावी; एक-दोघे पडले म्हणून मिशन संपवू नये, पण पडलेल्या खेळाडूला तात्काळ नवा जन्मही देऊ नये. तो पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीला परत यावा, म्हणजे त्या टप्प्यात त्याची उणीव बाकीच्यांना भासते.

पहाट

संगणकाच्या हातातली विमाने रॉकेटचा नेम धरण्यात कच्ची असतात. त्यांच्यावर विसंबू नये. ‘क्लोज एअर सपोर्ट’ हे मॉड्युल रणगाड्यांच्या रांगेवर ठेवून त्याची दिशा रांगेच्या लांबीशी जुळवावी. हंटरच्या जागी ‘कप’मधले एल-३९ हे छोटे जेट विमान बरे दिसते. विमाने दिसल्यावर खेळाडूकडे करण्यासारखे काम थोडेच उरते आणि ते तसेच असू द्यावे. रात्रभर थांबलेल्या माणसाला दोन मिनिटे आकाशाकडे पाहू द्यावे.

आवाज

चित्रपटातले संवाद, गाणी किंवा पार्श्वसंगीत उचलू नये. त्यांचे हक्क निर्मात्यांकडे असतात, आणि ओळखीचा आवाज कानी पडताच खेळाडू पुन्हा प्रेक्षक होतो. संवाद स्वतः लिहावेत आणि मित्रांकडून हिंदीत किंवा जमल्यास पंजाबीत ध्वनिमुद्रित करून घ्यावेत, कारण ती पलटण पंजाबची आहे; मराठी बोलणारी लोंगेवालाची चौकी ऐकायला कितीही गोड वाटली तरी ती खरी वाटणार नाही. आवाजाच्या फाइली ओजीजी स्वरूपात लागतात. वाक्ये तोकडी असावीत. बिनतारीवरचा माणूस समजावून सांगत नाही.

विरोधी बाजूच्या सैनिकांना विदूषक करू नये. तेही रात्रीच्या वाळवंटात, हवाई छत्राविना पुढे ढकललेले शिपाई होते. त्यांचे बिनतारीवरचे गोंधळलेले, तारेपाशी थबकलेले आवाज अस्पष्ट ऐकू आले तर रात्र अधिक गडद होते.

चाचणी

प्रत्येक भाग जोडला की लगेच खेळून पाहावा. दहा ट्रिगर एकदम लावून मग चूक शोधू नये. आपण केलेले मिशन आपण नेहमी शहाण्यासारखे खेळतो, म्हणून एकदा मुद्दाम वेड्यासारखे खेळावे : पहिल्याच मिनिटाला गोळी झाडावी, जीप घेऊन मैदानात जावे, शेवटपर्यंत हुकूमच देऊ नये. माझ्या एका मित्राने चाचणीत जीप घेतली, डावीकडून तारेला वळसा घातला आणि मागच्या लाटेचे चारही रणगाडे ते जागे होण्याआधीच संपवले. चूक माझी होती, कारण डायनॅमिक सिम्युलेशनचे अंतर मी फार कमी ठेवले होते. ते वाढवले आणि डाव्या अंगाला जाणाऱ्या वाटेवर मध्यम मशीनगन लावलेली एक विरोधी तुकडी बसवली.

चाचणीला निदान एक माणूस असा घ्यावा ज्याने चित्रपट पाहिलेला नाही. त्याला ब्रीफिंग वाचून काय करायचे हे कळले नाही, तर तुमचे ब्रीफिंग चित्रपटाच्या आठवणीवर उभे आहे असे समजावे आणि ते नव्याने लिहावे.

प्रसिद्ध करण्याआधी

लागणाऱ्या मॉडची यादी शक्य तितकी आखूड करावी, कारण प्रत्येक जादा मॉडमागे खेळणारे काही जण गळतात, आणि विकतचे जोडभाग लागत असतील तर ते वर्णनाच्या पहिल्याच ओळीत सांगावे. मिशन बहुखेळाडू स्वरूपात निर्यात करून एकदा दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवून पाहावे. एडिटरमध्ये बिनचूक चालणारे रेडिओचे ट्रिगर तिथे कधी कधी फक्त एकालाच दिसतात. मग ते स्टीम वर्कशॉप या मिशने वाटून घेण्याच्या ठिकाणी चढवावे. वर्णनात कोणता प्रसंग चित्रपटावरून घेतला आणि कोणता इतिहासावरून, हे दोन परिच्छेदांत लिहावे, आणि मिशनच्या अखेरच्या काळ्या पडद्यावर त्या रात्री कोण होते, समोरून काय आले आणि दोन जवान परतले नाहीत, एवढाच मजकूर काही सेकंद ठेवावा, संगीताशिवाय.